झड लागली की तिसऱ्या दिवशी रिले बंद: सड्यावरच्या सोलरचं काय चुकतंय?

सड्यावरचा | ७ सप्टेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही.

आमची वाडी शिवसागर जलाशयाच्या काठावर, जावळी तालुक्यात. तीस-पस्तीस घरं. मोबाईलला रेंज नाही. फोन करायचा तर डोंगर चढून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर जायचं, नाहीतर लाँचने पलीकडे. मेढ्याच्या अंगाला एका गावात फायबर आलंय. तिथला परवानाधारक इंटरनेटवाला म्हणाला, डोंगरावर सिग्नल पुढे पाठवणारा रिले बसवा, मी सिग्नल देतो, पण वरच्या विजेचं तुमचं तुम्ही बघा.

सड्यावर चुलत्यांच्या मालकीचा तुकडा आहे. तिथे जीआय पाइपचा खांब उभा केला. वर ५ गिगाहर्ट्झचे २ रेडिओ, एकाचं तोंड फायबरच्या गावाकडे, दुसऱ्याचं वाडीकडे. खाली पत्र्याच्या पेटीत छोटा स्विच, घरी वापरतात तसला इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर लेड-अॅसिड बॅटरी. १६५ वॅटचे २ पॅनेल, ४० अंशांत कललेले. दुकानदार म्हणाला, तीन दिवस बॅकअप आहे, डोळे झाकून घ्या.

नोव्हेंबर ते मे एकदाही बंद पडलं नाही. शाळेतली पोरं ऑनलाइन धडे बघायला लागली, मुंबईला असलेल्या माणसांशी रोज बोलणं व्हायला लागलं. जूनच्या मध्यावर पाऊस धरला आणि कळा बदलली. झड लागली की तिसऱ्या दिवशी सकाळी बंद. जुलैत महिनाभरात मोजून ६ दिवस चाललं. आता तर ऊन पडलं तरी बॅटरी एक रात्र धरत नाही. दुकानदाराचं म्हणणं, पावसाने सिग्नल जातो, सोलरचा दोष नाही.

जुलैतच एका रात्री वाडीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. फोन बंद. दोन पोरं घोंगडी घेऊन धुक्यात सडा चढली आणि वरून फोन लावला. बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. पण त्या रात्रीपासून मला हे असंच सोडून देता येत नाही.

समोरच्या पाण्यावर कोयनेचा १९६० मेगावॅटचा प्रकल्प चालतो. आम्हाला सड्यावर २० वॅट हवेत, बारा महिने. कुठे चुकतंय ते कृपया सांगा.

मृण्मयी | ७ सप्टेंबर, रात्री १०:३५

दादा, आधी दुकानदाराचं म्हणणं बाजूला ठेवा. पावसात सिग्नल जाणं हे १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लिंकचं दुखणं. ५ गिगाहर्ट्झला दहा-बारा किलोमीटरवर पावसाचा परिणाम इतका थोडा असतो की लिंक नीट जुळवलेली असेल तर तो जाणवतही नाही. तुमचा रेडिओ चांगला आहे, त्याचा जेवणाचा डबा रिकामा होतोय.

आता तुमचं गणित मांडते. रेडिओ प्रत्येकी ७ वॅट धरू, स्विच ५. झाले १९. दिवसाचे २४ तास, म्हणजे ४५६ वॅट-तास. बॅटरी १५० एएच गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॅट-तास. १८०० भागिले ४५६, जवळपास ४. दुकानदाराने एक दिवस कमी करून तीन सांगितले असणार.

यात दोन मोठ्या चुका आहेत. एक, इन्व्हर्टर स्वतः वीज खातो. घरगुती इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १५ ते २० वॅट सहज घेतो. म्हणजे तुमच्या उपकरणांइतकंच तो एकटा पितोय! वर अॅडॉप्टरची तूट. खरा भार ४० वॅटच्या आसपास, दिवसाला ९६० वॅट-तास. दोन, लेड-अॅसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवायची नसते. म्हणजे हक्काचे ९०० वॅट-तास. तुमचा बॅकअप एक दिवसाचाही नव्हता. तिसऱ्या दिवसापर्यंत तग धरला तो बॅटरीच्या आयुष्यातून उसना घेऊन.

जुलैभर ती अर्धपोटी पडून राहिली, तेव्हा तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक झालं. आता ती भरल्यासारखी दिसते आणि तासाभरात बसते. ती गेली. तिच्यावर अजून पैसे घालू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरीतली वीज १२ व्होल्ट डीसी. इन्व्हर्टरने ती २३० व्होल्ट एसी केली, अॅडॉप्टरने पुन्हा २४ व्होल्ट डीसी केली. कशासाठी? इन्व्हर्टर काढून टाका. डीसीवरून सरळ रेडिओ चालवा.

अभि_कराड | ८ सप्टेंबर, सकाळी ७:५०

मृण्मयीताईंशी शंभर टक्के सहमत. मी कराडला सोलरचीच कामं करतो, म्हणून थोडी भर.

बॅटरी बँक २४ व्होल्टची करा. तुमचे रेडिओ २४ व्होल्ट पॅसिव्ह पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या २४ व्होल्टवर, चालणारे आहेत का, ते त्यांच्या पाठीवर लिहिलेलं असतं. असतील तरी चार्जिंगच्या वेळी बँक २९ व्होल्टपर्यंत चढते, म्हणून मध्ये एक चांगला डीसी-डीसी कन्व्हर्टर ठेवा, तो बाहेर २४ स्थिर देईल. रेडिओ ४८ व्होल्टवाले निघाले तर २४ चे ४८ करणारा मिळतो. स्विचही डीसीवर चालणारा घ्या, २-३ वॅटचा. एवढ्यावर तुमचा भार १८ वॅटवर येतो. दिवसाला ४३२ वॅट-तास. एक रुपयाचं पॅनेल न वाढवता निम्मी गरज कमी झाली.

दुसरं, सगळे बॅटरी वाढवायला सांगतील. मी उलट सांगतो, आधी पॅनेल वाढवा. पाच दिवसांची बॅटरी रिकामी झाल्यावर ती भरायला ऊन कुठून आणणार? धुक्यातही पॅनेल अगदी शून्य देत नाही, थोडं थोडं देतच असतं. ते थोडं रोजच्या गरजेइतकं झालं पाहिजे. आणि झड उघडून एखादा अर्धा दिवस मोकळा मिळाला की तेवढ्यात बॅटरी वर आली पाहिजे.

सड्यावरचा | ८ सप्टेंबर, रात्री ८:२०

ताई, अभिदादा, डोळे उघडले. रेडिओ २४ व्होल्टवालेच आहेत. दिवसभर मनात एकच येत होतं, की जुलैभर आम्ही बॅटरी डोक्यावरून खाली नेऊन लाँचने पलीकडे चार्ज करून आणत होतो, आणि निम्मी वीज त्या पेटीतल्या डब्यालाच जात होती.

पण किती पॅनेल? वरच्या जुलैचा हिशेब कसा धरायचा? इंटरनेटवर सगळीकडे साताऱ्याला दिवसाला ५ ते साडेपाच तास ऊन असं दिसतं.

मृण्मयी | ८ सप्टेंबर, रात्री ११:०५

ती वर्षाची सरासरी. वर्षाच्या सरासरीवर रिले चालत नाही, वाईटातल्या वाईट आठवड्यावर चालतो.

नासाचा पॉवर नावाचा मोफत डेटा आहे, अक्षांश-रेखांश टाकले की रोजचं ऊन मिळतं, १९८० च्या दशकापासूनचं. जरूर बघा, पण त्यातला एक चौकोन साधारण १०० किलोमीटर लांबीचा असतो. चिपळूण आणि कास एकाच आकड्यात जातात. आपल्याकडे तर वीस किलोमीटरवर हवामान बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये जेमतेम पाचशे. जुलैत सातारा शहरात ढगाळ उजेड असतो, तेव्हा घाटमाथ्यावर दहा फुटांवरचं माणूस दिसत नाही.

माझ्या माहेरी महाबळेश्वरच्या रस्त्याला १ किलोवॅटचं छप्पर आहे. मे महिन्यात ते दिवसाला साडेचार-पाच युनिट देतं. जुलैतले बहुतेक दिवस १ च्या आसपास, आणि दाट धुक्याचे दिवस त्याच्याही निम्म्यावर. म्हणजे जुलैत दिवसाला जेमतेम एक तासाच्या कडक उन्हाइतकीच वीज. तुम्ही ०.८ तास धरा. तारा, कन्व्हर्टर, चार्जिंग यांची तूट धरून ४३२ साठी पॅनेलकडून साधारण ६२० वॅट-तास हवेत. ६२० भागिले ०.८, म्हणजे ७७५ वॅट. अभिने सांगितलेली भरून यायची ताकद त्यात धरा आणि हजाराच्या पुढे जा. बॅटरी लिथियम फॉस्फेट, २५.६ व्होल्ट, १०० एएच. २५६० वॅट-तासांतले २२०० निर्धास्त वापरता येतात. एक किरण आला नाही तरी ५ दिवस.

विकास_पाटणकर | ९ सप्टेंबर, दुपारी १:१५

एक सोपा उपाय सुचवतो. रात्री ११ ते पहाटे ५ रिले बंद ठेवा. टायमर शेकडो रुपयांत मिळतो. सहा तास म्हणजे पाव भार कमी. ४३२ चे ३२४ झाले. रात्री कोण व्हिडिओ बघतंय?

सड्यावरचा | ९ सप्टेंबर, दुपारी ३:४०

विकासभाऊ, राग मानू नका, पण आमच्या वाडीला नेट रात्रीच लागतं. दिवसा माणूस लाँचने जाऊ शकतो, डोंगर चढू शकतो. साप चावला, कळा सुरू झाल्या, म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, तर हे रात्रीच. रात्री बंद ठेवायचा असेल तर मी हे सगळं उभंच कशाला केलं?

विकास_पाटणकर | ९ सप्टेंबर, दुपारी ४:०५

पटलं. माझा सल्ला मागे घेतो.

मृण्मयी | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

भार कमी करायचाच झाला तर क्रम ठरवा. उद्या तुम्ही वर कॅमेरा लावाल, शाळेसाठी आणखी काही जोडाल. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की आधी ते तुटलं पाहिजे, रेडिओ सगळ्यात शेवटी. पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसतो त्या चार्ज कंट्रोलरच्या लोड आउटपुटला हे लावता येतं. तोडण्याचा आणि पुन्हा जोडण्याचा आकडा मात्र जवळजवळ ठेवू नका. नाहीतर बॅटरी जरा सावरली की जोडतो, जोडला की पुन्हा पडते, आणि रेडिओ रात्रभर चालू-बंद होत बसतो. लिथियममध्ये व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून किती उरलंय ते कळत नाही. आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजणारा शंट मीटर लावा.

जुना_रिपीटर | १० सप्टेंबर, सकाळी ६:२०

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. उमेदीची बरीच वर्षं डोंगरावरच्या मायक्रोवेव्ह रिपीटर स्टेशनवर गेली. तेव्हा सोलर नव्हतं, डिझेल जनरेटर आणि २ व्होल्टचे २४ सेल, काचेच्या नळकांड्यासारखे मोठे. रोज सकाळी हायड्रोमीटरने सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या आम्लाची घनता घ्यायची आणि वहीत लिहायची. १२१० च्या आसपास आकडा असला, म्हणजे सेल भरलेला असला, की जेवण गोड लागायचं.

या मुलाला दोन गोष्टी सांगतो.

पहिली. स्वस्तात मिळतं म्हणून टॉवरवरचं जुनं सामान घ्यायला जाशील तर लक्षात ठेव, टेलिकॉमचा पुरवठा उणे ४८ व्होल्टचा असतो. तिथे बॅटरीचं धन टोक अर्थला असतं. ओलाव्यात तांब्याची झीज कमी व्हावी म्हणून फार पूर्वीपासून तसं करत आले. सोलर कंट्रोलर बहुतेक ऋण टोक समान धरून बनवलेले असतात. दोन्ही एकाच पेटीत आंधळेपणाने जोडलेस तर पहिल्याच मिनिटाला धूर निघेल.

दुसरी. वही ठेव. रोज वर जाता येणार नाही, पण आठवड्याला एक माणूस गेला पाहिजे आणि त्याने व्होल्टेज, टक्के, आकाश कसं होतं आणि पेटीत काय दिसलं ते लिहिलं पाहिजे. बॅटरी एका दिवसात मरत नाही. ती महिनाभर आधी सांगत असते, वाचणारं कुणीतरी लागतं.

सड्यावरचा | १० सप्टेंबर, सकाळी ९:००

काका, वही आजच घेतो.

जतकर | १० सप्टेंबर, रात्री ९:४५

आमी सांगली जिल्ह्यातलं, जत तालुक्यातलं. तुमच्याकडं पाऊस नको नको करतोय, आमच्याकडं ढग बघायला मिळत न्हाई. द्राक्षबागेतल्या पाण्याच्या टाकीवर असाच एक रेडिओ आणि कॅमेरा हाय, सोलरवर. ऊन लई, तरी बॅटरी दोन वर्षांत गेली. कारण उष्णता. मे महिन्यात पत्र्याची पेटी हात लावू देत न्हवती. लेड-अॅसिडचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशाला निम्मं होतं, हे मला बॅटरी गेल्यावर कळलं.

मग पेटीला पांढरा रंग दिला, वर चार बोटं जागा सोडून दुसरा पत्रा छपरासारखा ठेवला, आणि पेटी पॅनेलच्या सावलीत सरकवली. आता हात ठेवता येतो. तुमच्याकडं बी एप्रिल-मे हाय की. पावसाच्या नादात उन्हाळा इसरू नका.

अभि_कराड | ११ सप्टेंबर, सकाळी ८:१०

जतकर भाऊंनी लाखमोलाचं सांगितलं. घाटमाथ्यावर पेटीचं दुखणं मात्र वेगळं, आतून घाम फुटतो. दिवसा गरम, रात्री गार, आतल्या हवेतलं पाणी सर्किटवर उतरतं. पेटी पूर्ण बंद करून चालत नाही आणि उघडी ठेवून चालत नाही. खालच्या बाजूने बारीक जाळीचा श्वास ठेवा. जाळी बारीकच हवी, कुंभारमाशी एका आठवड्यात मातीचं घर बांधून भोक बुजवते, आणि मुंग्यांना आतलं गरम सर्किट फार आवडतं. सगळ्या तारा पेटीत खालून घ्या आणि शिरण्याआधी तारेला एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, आत जाणार नाही.

पॅनेल ४० अंशांत का लावलेत? सातारा १७.७ अक्षांशावर. २१ जूनला भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून जवळजवळ ६ अंश उत्तरेला असतो, आणि तुमच्या पॅनेलचं तोंड दक्षिणेला. शून्य सावलीचे दिवस आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर येतात, मधल्या काळात सूर्य उत्तरेलाच. धुक्यात तर उजेड सगळ्या आकाशातून येतो, जितकं सपाट तितकं जास्त आकाश दिसतं. ४० अंशांत पॅनेलला त्या उजेडाचा दहावा हिस्सा कमी मिळतो. १५ अंश ठेवा. त्याहून सपाट नको, पाऊस धूळ धुऊन नेणार नाही आणि खालच्या कडेला शेवाळ धरेल.

वाऱ्याचा हिशेबही करा. ताशी १४० किलोमीटरचा झोत आला, म्हणजे सेकंदाला ३९ मीटर, तर दर चौरस मीटरला साधारण ९३ किलोचा दाब येतो. ३३५ वॅटचं एक पॅनेल जवळपास २ चौरस मीटर असतं. चार पॅनेलवर सरळ आपटला तर सातशे किलो. नुसत्या खिळ्या-बोल्टांवर हे राहत नाही, काँक्रीटचे ठोकळे हवेत.

पवनचक्की | ११ सप्टेंबर, दुपारी १२:३०

सगळे उन्हामागे लागलेत. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या का आहेत? कारण ऊन नसतं तेव्हाच वारा असतो, जून ते ऑगस्ट. १ मीटर व्यासाचं छोटं पातं, सेकंदाला ८ मीटर वारा, तर ४५ वॅटच्या आसपास मिळतात. तुमची गरज १८. एका छोट्या पवनचक्कीवर पावसाळा निघेल.

जुना_रिपीटर | ११ सप्टेंबर, दुपारी ४:५०

तुमचं गणित बरोबर आहे आणि कल्पना मनापासून आवडली. पण फिरणारी वस्तू डोंगरावर ठेवायची म्हणजे तिला माणूस लागतो. बेअरिंग, ब्रश, वादळात थांबवायचा ब्रेक, बॅटरी भरल्यावर जादा वीज जिरवायची सोय. मोठ्या पवनचक्क्यांपाशी पगारी माणसं असतात. या वाडीत दोन पोरं आहेत आणि जुलैत वर चढायला वाट निसरडी. पॅनेल गप पडून काम करतं, हा त्याचा मोठा गुण. आधी सोलरवर एक पावसाळा काढून बघा, कमी पडलं तर वाऱ्याकडे जा.

सड्यावरचा | ११ सप्टेंबर, रात्री ९:३०

ओढ्यावर छोटं जनित्र बसवावं असंही वाडीतले म्हणत होते, पावसाळ्यात पाणी मुबलक. पण ओढा सड्याच्या पार खाली, वर तार आणायची तर अर्धा किलोमीटर झाडीतून. ते सोडलं. सोलरच नीट करायचं ठरलं. वर्गणी काढतोय.

एक विचारायचं राहिलं. मे महिन्यात वळवाच्या वेळी सड्यावर विजा फार पडतात. अर्थिंगसाठी खड्डा घ्यायला गेलो तर दीड फुटावर जांभा. पहार परत येते.

मृण्मयी | १२ सप्टेंबर, सकाळी १०:१५

जांभ्यात अर्थ मिळवणं खरंच अवघड, खडक वीज वाहून नेत नाही. खोल जाता येत नसेल तर आडवं पसरा. खांबाभोवती चर खणून जीआय पट्टीचं कडं घाला, त्यातून दोन-तीन लांब शेपट्या मातीचा थर असेल त्या दिशेला न्या आणि चरात बेंटोनाइटची चिकणमाती भरा, ते ओल धरून ठेवतं. कोळसा-मीठ चालतं, पण मीठ पट्टी खातं आणि दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जातं.

आकडा कितीही आला तरी एक नियम मोडू नका. खांब, पॅनेलची फ्रेम, पेटी, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा), सगळ्यांचा अर्थ एकच असला पाहिजे. वेगवेगळे दोन अर्थ ठेवले तर वीज पडल्यावर त्या दोघांतला फरक तुमच्या रेडिओतून जातो. पॅनेलच्या डीसी तारेवर एक आणि रेडिओच्या प्रत्येक नेटवर्क केबलवर एक सर्ज प्रोटेक्टर हवाच.

आणि खणण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन या. सातबारा तुमचा असला तरी तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा आहे. लिंकची काळजी नको, ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ पासून ठरलेल्या ताकदीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतात, आणि सेवा तुमचा इंटरनेटवाला त्याच्या परवान्यावर देतोय.

सड्यावरचा | १८ फेब्रुवारी, रात्री ८:४०

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. काम झालं.

३३५ वॅटचे ४ पॅनेल, दोन-दोनची माळ करून त्या दोन माळा समांतर जोडल्या. अभिदादांशी फोनवर बोलून हे ठरलं. तीन-चार एका माळेत घातले असते तर थंडीच्या सकाळी व्होल्टेज कंट्रोलरच्या १५० च्या मर्यादेला जाऊन भिडलं असतं. लिथियम बॅटरी २५.६ व्होल्ट, १०० एएच. इन्व्हर्टर काढला. शंट मीटरवर भार १७.६ वॅट दिसतो.

एकेक पॅनेल २२ किलोचं. सुपाऱ्या-नारळ नेतात तशी कावड करून दोघा-दोघांनी वर नेली. सिमेंट-वाळू बायकांनी डोक्यावरून नेली, तेरा खेपा. ज्या घरातल्या बाळंतिणीचं लिहिलं होतं, त्या घरातून पाच माणसं आली.

जानेवारीत गव्याने खांबाला अंग घासलं, एक रेडिओ दोन अंश फिरला आणि वाडीचं नेट गेलं. आता भोवती दगडाचा गडगा घातलाय. तारा सगळ्या पाइपात घातल्या, वानरं ओढत होती. आणि गेल्या आठवड्यात पलीकडच्या डोंगराला वणवा लागला तेव्हा धावत जाऊन पॅनेलभोवतीचं गवत कापून दहा फुटांची जाळरेषा काढली. हे कुणाच्याच यादीत नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. घाटात कुणी असं काही उभारणार असेल तर दिवाळीनंतर पहिलं काम गवत कापायचं.

जतकर | १८ फेब्रुवारी, रात्री ९:२०

लई भारी काम केलंसा. पेटीला दुसरं छप्पर घातलं का?

सड्यावरचा | १८ फेब्रुवारी, रात्री ९:३५

घातलं भाऊ. तुमच्यासारखंच, चार बोटं सोडून.

सड्यावरचा | ३ ऑगस्ट, रात्री १०:१०

मंडळी, जुलै निघाला.

वहीतून आकडे देतो. बहुतेक दिवस रोजचं उत्पादन ५०० ते १४०० वॅट-तासांच्या मधे. सगळ्यात वाईट पट्टा ११ ते १४ तारखेचा, सलग चार दिवस धुकं हललं नाही. त्या चार दिवसांत २९०, ३४०, ३१०, ३८०. म्हणजे १३४० वॅटची पॅनेलं दिवसभरात आमच्या १८ वॅटपुरतीही वीज देत नव्हती. बॅटरी ६२ टक्क्यांपर्यंत उतरली, त्याखाली नाही. १६ तारखेला दुपारी दोन तास उघडलं आणि संध्याकाळी ९० च्या वर.

विजेअभावी एक मिनिटही बंद पडलं नाही.

पण २२ तारखेला लिंक गेली, रात्री ९ तास. बॅटरी ७४ टक्के, पॅनेल ठीक. सकाळी चढलो, तर वाडीकडच्या रेडिओच्या केबलच्या टोकात पाणी. पेटीपाशी झोळ दिला होता, वर रेडिओपाशी द्यायचा राहिला होता. पिना हिरव्या पडलेल्या. टोक कापून नवीन लावलं, वर रबरी टेप आणि त्यावर काळी टेप गुंडाळली. त्या रात्री वाडीत कुणाला काही झालं नाही, हे नशीब. आता पेटीत तयार केलेली एक जादा केबल आणि क्रिम्पिंगचं हत्यार कायम ठेवलंय.

मृण्मयी | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

२९० चा आकडा बघून मीही थबकले. माझा ०.८ चा अंदाज त्या चार दिवसांना तिपटीहून मोठा ठरला. घाटमाथ्यावर यापुढे कुणी विचारलं तर तुमचा आकडा सांगेन, माझा नाही. रबरी टेप ताणून, अर्धा वेढा पुढच्यावर चढवत, खालून वर गुंडाळा. वरून खाली गुंडाळली तर पाणी वेढ्यांत शिरतं.

सड्यावरचा | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

खालून वर, लिहून ठेवलं ताई. उद्या वर जाऊन पुन्हा गुंडाळतो.

पाण्यापलीकडच्या एका वाडीतली माणसं काल आली होती. त्यांनाही रिले हवाय, त्यांचा सडा आमच्याहून उंच आणि धुकं जास्त. दुकानदाराने त्यांना १६५ चे २ पॅनेल आणि इन्व्हर्टर सांगितलाय. रविवारी लाँचने जाऊन जागा बघून येणार आहे.

जुना_रिपीटर | ४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

जाताना त्यांच्यासाठी एक कोरी वही घेऊन जा. पहिल्या पानावर तुझे ११ ते १४ जुलैचे आकडे लिहून दे.